खत अंगणाला, दूर्वा विहिरीकाठी

(दृश्य: गोव्यातल्या डिचोलीतलं एक जुनं घर. तुळशीवृंदावन, भोवती हिरवळ.)

आजीच्या काळात या अंगणात गवताची काडी दिसली की ती मुळासकट जायची. पाऊस सरला की अंगण खरवडायचं, चोपायचं, शेणाने सारवायचं. तुळशीच्या लग्नापर्यंत अंगण आरशासारखं. आता त्याच जागी आम्ही पैसे मोजून कार्पेट ग्रास लावलंय. शेण आजही लागतं. तेव्हा ते मातीवर फासायचो, आता गवताला भरवतो!

(दृश्य: मुठीतून सांडणारी तांबडी माती.)

ही जांभ्याची माती. लोह भरपूर, स्वभावाने आंबट, पाणी धरून ठेवायला नाखूश. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा जमिनीत खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, टिकत नाही, पाण्यात विरघळून चालतं होतं. म्हणून गोव्यात लॉनला खत किती घालायचं यापेक्षा कधी घालायचं, हा प्रश्न मोठा.

तो मला उशिरा कळला. दोन वर्षांपूर्वी, मिरगाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री एक सर पडून गेली होती, पाती ओलीच होती. मी युरिया मुठीने फेकला, भात पेरावं तसा. चौथ्या दिवशी लॉनवर पिवळे-तपकिरी अर्धगोल उमटले, एकापुढे एक. माझ्या हाताचा प्रत्येक झोका तिथे जसाच्या तसा छापला गेला होता.

आई पायरीवरून बघत म्हणाली, "अरे, गवताला मीठ घातलंस काय?"

फार चुकली नव्हती ती. खताचा दाणा ओल्या पात्याला चिकटतो आणि मिठासारखाच पात्यातलं पाणी ओढून घेतो. पातं करपतं. उरलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसाने उतारावरून खाली नेला, विहिरीच्या बाजूला.

(दृश्य: तराजू, घमेलं, कोरडी वाळू.)

आता मोजून घालतो. शंभर चौरस मीटरला एका वेळी अर्धा किलो युरिया, म्हणजे चौरस मीटरला पाच ग्रॅम, जेमतेम चमचाभर. युरियात ४६ टक्के नत्र असतं, एवढं पुरतं. कोरड्या वाळूत मिसळायचा, अर्धा उभा फेकायचा, अर्धा आडवा, म्हणजे पट्टे उठत नाहीत. पाती कोरडी हवीत, आणि फेकून झाल्यावर लगेच पाणी. आधी पाणी मारून मग खत टाकणारे मी अजून बघतो. सांगून ऐकत नाहीत.

जून-जुलैत हात आखडता. गवत अगदीच फिकट पडलं, तर चांगली उघडीप बघून निम्मा डोस. खरा डोस चतुर्थीनंतर, पावसाचा जोर ओसरला की. दुसरा तुळशीच्या लग्नाच्या सुमारास.

(दृश्य: चाळणीतून पडणारं शेणखत.)

पण या मातीला खरा आधार शेणखताचा. पाणी आणि खत धरून ठेवायची ताकद त्यातून येते. वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर भुगा व्हावा, वास मातीचा यावा, असं हवं. चाळून अर्धा सेंटिमीटर पसरायचं. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. ओलं शेण नको. मुळांना चटका बसतो आणि तणाचं बी फुकट मिळतं. आमच्या कोपऱ्यातली लाजाळू तशीच आली असावी.

कापलेलं बारीक गवतही कचऱ्यात घालवू नका. तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र पुन्हा मुळांशी जातं. मातीचा आंबटपणा मारायला चुना घालायचं मात्र माती तपासल्याशिवाय मनावर घेऊ नका.

(दृश्य: चतुर्थीची सकाळ. विहिरीकडचा उतार. आई वाकून दूर्वा खुडते आहे.)

लॉन यंदा बरं आहे. पण बाप्पाच्या एकवीस जुड्यांसाठी आई तिकडे फिरकत नाही. ती उतरते विहिरीच्या काठाला. तिथे कुणी कधी काही पेरलं नाही, आणि दूर्वा बघा कशी पोसलीय. तिला कोणी खायला घातलं, ते आईला मी अजून सांगितलेलं नाही.