विडंबन करायचं तर सुरात

नमस्कार श्रोतेहो.

एक दृश्य सांगतो. स्टेजच्या मागे अंधारात एक म्हातारा गायक भिंतीला कपाळ टेकवून उभा आहे. बाहेर लोक खोळंबलेत. थिएटरचा पोरगा धावत येतो, चला, चला, तुमची वेळ झाली. तेव्हा जुना साथीदार त्याला अडवतो. थांब रे बाबा, गाण्याआधी त्यांना आपलं अख्खं आयुष्य आठवावं लागतं. आणि सिनेमा निघाला फ्लॅशबॅकमध्ये!

हा २००७ सालचा 'वॉक हार्ड'. गायकांच्या चरित्रपटांची उघड उघड टिंगल. त्याआधी 'रे' आणि 'वॉक द लाइन' येऊन गेले होते, एक रे चार्ल्सवर, दुसरा जॉनी कॅशवर, आणि दोघांनी गल्ला भरपूर जमवला होता. दोन्हींत नायकाचा भाऊ लहानपणी मरतो. म्हणून इथेही मरतो. तोही कसा, तर कोयत्याने कमरेतून दोन तुकडे, आणि वरचा तुकडा बराच वेळ गप्पा मारत राहतो. बाप पुढे आयुष्यभर एकच पालुपद लावतो: नको तो पोरगा मेला!

हसू येतं हो, पण जॉनी कॅशचा भाऊ १९४४ साली खरंच करवतीच्या अपघातात गेला होता. आपल्याकडे बालगंधर्वांची मुलगी गेली आणि ते त्याच दिवशी 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले, १९११ साली. हा प्रसंग कुणी सिनेमात शंभर वेळा दाखवला तरी त्यावर हसायची माझी छाती नाही. दुःख खरंच असतं. त्यावर वाजणारी व्हायोलिनं मात्र भाड्याची असतात, आणि टिंगल करायची ती त्या व्हायोलिनांची.

तर असे सिनेमे जमतात का? 'वॉक हार्ड'वर साडेतीन कोटी डॉलर खर्च झाले आणि दोन कोटींच्या आसपास परत आले. म्हणजे आपटला. तरी लोक आज तो शोधून बघतात. का? गाण्यांमुळे. नायक झालेला जॉन सी. रेली सगळी गाणी स्वतः गायलाय आणि मनापासून गायलाय. विनोद अर्ध्या तासात शिळा होतो, मध्यंतरानंतर तर हा सिनेमा चक्क रेंगाळतो, पण गाणं लागलं की आपण पुन्हा सावरून बसतो. विडंबनातलं गाणं चांगलं पाहिजे. पुन्हा सांगतो, गाणं चांगलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. घरचे म्हणतात, तुला पावसावर बोलायला सांगितलं तरी तू त्या गाणी रचणाऱ्या नील इन्सवरच येतोस. येतो. काय करू!

१९७८ साली टीव्हीसाठी एक चित्रपट झाला, 'ऑल यू नीड इज कॅश'. 'द रटल्स' नावाच्या एका बँडची, कधीच नसलेल्या बँडची, जीवनकहाणी. बँड खोटा, पण केस तेच, सूट तेच, भांडणं तीच. बीटल्सच! कल्पना माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूतल्या एरिक आयडलची, आणि गाणी नील इन्सची. इन्सने ठरवलं, बीटल्सच्या तबकड्या पुन्हा ऐकायच्या नाहीत. आठवणीतून लिहायचं. आजीच्या हातची आमटी आठवत आमटी करावी ना, तसं. कृती हाताशी नाही, फक्त जिभेवर चव. आणि आमटी इतकी जमली की पुढे सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

खुद्द बीटल्सना राग आला का? छे! जॉर्ज हॅरिसन तर त्यात छोटी भूमिका करून गेला. केस पिकवून, हातात माइक घेऊन टीव्हीचा वार्ताहर. बँडच्या कचेरीसमोर उभा राहून तो मुलाखत घेतोय, आणि कंपनीचा माणूस छातीठोकपणे सांगतोय, आमच्याकडे चोऱ्याबिऱ्या काही होत नाहीत. त्यांच्या पाठीमागून लोक एकेक सामान उचलून चाललेत. शेवटी हॅरिसनच्या हातातला माइकही जातो! बीटल्सची कंपनी कशी लुटली गेली होती ते ठाऊक असेल तर हा विनोद जास्तच झोंबतो. आणि लेनन? त्याला सिनेमा भारी आवडला, पण त्याने एक सावधगिरीची सूचना केली असं सांगतात: ते 'गेट अप अँड गो' आमच्या 'गेट बॅक'च्या फार जवळ जातंय, जपून. ते गाणं तबकडीतून वगळलं.

पण दावा ठोकलाच गेला. बीटल्सनी नव्हे हो. लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांचे हक्क तेव्हा त्या दोघांकडे नव्हतेच, ते एटीव्ही म्युझिक या कंपनीकडे होते. कंपनी म्हणाली, ही चोरी आहे. इन्सने संगीतातला जाणकार गाठून चाली स्वतंत्र आहेत हे दाखवायची तयारी केली, पण शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि निम्मी रॉयल्टी गेली. निम्मी! आठवणीतून केलेल्या आमटीची निम्मी वाटी. त्यातलं 'चीज अँड अनियन्स' तर लेननचं अप्रकाशित गाणं म्हणून बीटल्सच्या एका चोरट्या तबकडीवर येऊन बसलं. गाणं इतकं चांगलं, की गाणाऱ्यालाच त्याचा फटका.

इथे थोडं विषयांतर, माफ करा. आपल्या रेडिओवर पूर्वीपासून गाण्याआधी तीन नावं घेतात, गीतकार, संगीतकार आणि स्वर. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघा, गायकाचं नाव ठळक, बाकीचे कुठेतरी तीन टिचक्यांच्या आत दडलेले. याने माझं डोकं फिरतं. चाल कुणाची हे विचारायची सवयच गेली तर उद्या चोरी झाली हे तरी कुणाला कळणार?

अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवर 'रटल्स' लागला त्या आठवड्यात सर्वांत कमी बघितलेल्या कार्यक्रमांच्या तळाशी गेला. म्हणजे हाही आपटलाच की. पण गाणी राहिली. २०२२ सालचा 'विअर्ड', म्हणजे विडंबनगीतं गाणाऱ्या 'विअर्ड अल' यांकोविकचा खोटाखोटा चरित्रपट, याउलट सुरुवातीलाच गाजला, एमी पुरस्कारही मिळाला. मला तो मौजेचा वाटला, पण त्यातली बरीच गाणी आपण आधीच ऐकलेली, त्यामुळे नवं काही गुणगुणत उठलो नाही.

वेळ संपत आली, इन्सचं एक राहिलं. १९९४ साली ओॲसिस या बँडचं 'व्हॉटेव्हर' आलं आणि गाजलं. इन्सच्या कानावर पडलं तर सुरुवातीची चाल ओळखीची! त्याच्याच १९७३ सालच्या 'हाऊ स्वीट टु बी अॅन इडियट'ची. या वेळी दावा त्याच्या बाजूने लावला गेला. आणि आता त्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारांत, ओॲसिसच्या नोएल गॅलाघरच्या शेजारी, नील इन्स हे नाव छापतात.