नातेवाईकाच्या जागी सही

(कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक. रात्र, पाऊस. फलाटावरचे बाक.)

साडेअकरा वाजलेत. गारगोटी, राधानगरीच्या गाड्या कधीच गेल्या. बाकांवर आडवे झालेल्यांत पहाटेच्या गाडीचे प्रवासी कोण आणि रोज इथंच झोपणारे कोण, हे लांबून कळत नाही. चपला बघायच्या, असं बेघर निवाऱ्यात काम करणाऱ्या ताई सांगतात. प्रवासी चपला काढून बाकाखाली सारतो. रोजचा माणूस त्या उशाला घेतो, नाहीतर सकाळी मिळत नाहीत.

"मामा, जेवलासा काय?"

पहिला प्रश्न जेवणाचाच. नाव-गाव विचारलं की माणूस घाबरतो आणि गाठोडं उचलून चालायला लागतो.

हे आजोबा उठत नाहीत. उजव्या घोट्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीनं आवळून बांधलीय. ताई खाली बसतात. पिशवीला हात लावत नाहीत, पण वासावरून काय ते ओळखतात आणि सोबतच्या हवालदारांकडे बघतात. ते १०८ ला फोन लावतात.

(रुग्णवाहिका. दसरा चौकाकडे जाणारा ओला रस्ता.)

या हवालदारांच्या हातात दोन कायदे आहेत, आणि दोन्ही याच आजोबांना लागू होऊ शकतात. एक १९५९ चा, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. तो वॉरंटशिवाय अटक करू देतो. दुसरा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्याचं कलम १०० सांगतं की मानसिक आजार असावा असं वाटणारा माणूस रस्त्यावर भटकताना दिसला, तर त्याला संरक्षणात घ्या, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्या, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नका. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधणंही पोलिसांचंच काम. बाकावरच्या माणसाची रात्र कुठं जाणार, हे हवालदाराला यातला कुठला कायदा आठवतो त्यावर ठरतं. आज हवालदारांसोबत ताई आहेत, म्हणून गाडी सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे वळलीय.

(रुग्णालय. केसपेपरचा जवळून शॉट.)

नाव, वय, पत्ता. तिन्ही रकाने कोरे. चौथा, नातेवाईक. ताई तिथं स्वतःचं नाव लिहितात, सही करतात, मोबाईल नंबर टाकतात. या एका सहीनं पुढचं सगळं हलतं. ड्रेसिंग होतं, औषधं कुणाच्या हातात द्यायची ते ठरतं, आणि सोडताना फोन कुणाला करायचा तेही.

ही सही नसली की काय होतं, ते मी पाहिलंय. दुसऱ्या एका गावात रुग्णालयातून संध्याकाळी सोडलेली एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पदपथावर होती. हाताला तीच पट्टी, चिखलानं काळी झालेली. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं होतं, पोलिसांनी त्यांचं. पण एकानं दुसऱ्याला कळवलं नव्हतं, आणि मला त्याचा आजही राग येतो.

(निवारा. ओळीनं खाटा, दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं नियम घातला की शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा पक्का निवारा हवा, चोवीस तास आणि बारा महिने उघडा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजारांचं होतं. म्हणजे ५०० हून जास्त खाटा. नियमाप्रमाणे महापालिकेनं जागा द्यायची आणि संस्थेनं ती चालवायची.

पावसाळ्यात इथली घाई वाढते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं, हे जुलैत अख्खं कोल्हापूर एकमेकांना विचारत असतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. पण पंचगंगा घाटावर झोपणाऱ्यांसाठी हे आकडे फार उशिराचे. नदी त्याच्या कितीतरी आधी पात्राबाहेर येते. त्यांना हलवायचं तर पहिल्या जोरदार पावसातच जावं लागतं.

आजोबा चार दिवस बोलले नाहीत. दाढी झाली, नखं काढली, घोट्याची जखम रोज धुतली गेली. पाचव्या दिवशी सकाळी चहा ओतताना त्यांनी कपावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "साकु."

ओतणारा मुलगा गडहिंग्लजकडचा. घरात मराठी, आजोळी कन्नड. साकु म्हणजे पुरे, हे त्याला कळलं. त्यानं किटली खाली ठेवली.

"यावूर री, अज्जा?"

कुठलं गाव, आजोबा? चार दिवस सगळे मराठीत विचारत होते. आजोबांनी गावाचं नाव सांगितलं, कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातलं. मग इथल्या ठाण्यातून तिकडच्या ठाण्यात फोन गेला, तिथून गावात निरोप. राज्य बदललं, भाषा बदलली, ठाणं बदललं, तरी निरोप दुपारपर्यंत पोचला. मनावर घेतलं तर हे इतक्या लवकर होतं.

घर सापडलं म्हणजे माणूस लगेच हवाली करायचा, असं इथं नाही. मुद्दाम आणून सोडलेली म्हातारी माणसंही भेटतात. ज्येष्ठांना असं टाकून देणं २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आधी चौकशी होते. घरात कोण, कधीपासून बेपत्ता, शोधलं होतं का, तक्रार दिली होती का.

पुतण्या आला तो हरवल्याच्या तक्रारीची मळकी, चार घड्यांची प्रत घेऊन. ताईंनी ती वाचली. हवालदारांनी तारीख ताडून बघितली. रजिस्टरमध्ये आज नातेवाईकाच्या जागी पुतण्याची सही झाली.

(दारात दोघे. आजोबांच्या पायात नवी चप्पल.)

आजोबा पुतण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. किटलीवाल्या मुलानं आम्हाला सांगितलं, म्हैस व्याली का, असं विचारतायत.