तारखेच्या जागी फुली

महिना डिसेंबर, दिवसाच्या जागी फुली. पुढे महिना एप्रिल, दिवसाच्या जागी पुन्हा फुली. आणखी पुढे गेलो, तर महिन्याच्या जागीही फुलीच. जपानी लेखिका फुमिको हायाशी यांच्या ‘होरोकी’, म्हणजे भटकंतीची वही, या पुस्तकातील नोंदी अशा सुरू होतात. तिला रोजनिशी म्हणावे तर तारीख नाही आणि कादंबरी म्हणावे तर कथानक एका धाग्यात ओवलेले नाही. मात्र कनवटीला किती सेन, म्हणजे जपानी सुटे पैसे, उरले, आज भात मिळाला की पाणी पिऊन निजावे लागले, याचा हिशेब काटेकोर आहे.

फुमिको यांचा जन्म १९०३ सालचा. जन्मगावाविषयी आजही वाद आहे. कोणी शिमोनोसेकी सांगतात, तर कोणी सामुद्रधुनीपलीकडचे मोजी. आईवडिलांचे लग्न झालेले नसल्याने मुलीचे नाव आईच्या माहेरच्या नोंदीत लागले. वडिलांनी घरात दुसरी बाई आणली, तेव्हा आई सुमारे सात वर्षांच्या लेकीला घेऊन बाहेर पडली आणि वडिलांच्या दुकानातला एक नोकर त्यांच्याबरोबर निघाला. तोच पुढे सावत्र बाप झाला. हे तिघे क्युशू बेटावर फेरीचा माल विकत हिंडले आणि जळणापुरते पैसे घेऊन निजायला जागा देणाऱ्या हलक्या उतारशाळांत राहिले. नोगाता या कोळसाखाणींच्या गावात तर ही पोर स्वतःच पंखे आणि गोड सारणाचे पाव विकत फिरत असे.

१९१६ मध्ये हे कुटुंब ओनोमिची या बंदरगावी स्थिरावले. तेथील बाजारपेठेच्या तोंडाशी आज फुमिको यांचा पुतळा आहे. किमोनो नेसलेली ही स्त्री जमिनीलगत उकिडवी बसली असून शेजारी वेताची पेटी आणि छत्री आहे. लेखकांचे पुतळे बहुधा उभे असतात किंवा खुर्चीत बसलेले असतात. ही बाई मात्र गाडीची वाट पाहत बसल्यासारखी वाटते, आणि शिल्पकाराला तिची खूण नेमकी पटली होती, असे म्हणायला हरकत नाही. याच गावात रात्री शिडाच्या कापडाच्या कारखान्यात काम करून त्यांनी मुलींच्या माध्यमिक शाळेचे शिक्षण १९२२ मध्ये पूर्ण केले.

त्यानंतर फुमिको प्रियकराच्या मागोमाग तोक्योला गेल्या. त्याचे शिक्षण संपले आणि तो लग्नाचा शब्द मोडून गावी परतला. पुढच्या वर्षांत सार्वजनिक स्नानगृहात गिऱ्हाइकांची पादत्राणे सांभाळणे, कारखान्यात सेल्युलॉइडची खेळणी रंगवणे, रात्रीच्या बाजारात पथारी मांडणे, कॅफेत वाढपीण म्हणून उभे राहणे, अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा मद्याची पिंपे वाहणाऱ्या जहाजात जागा मिळवून त्या ओसाकाकडे निघाल्या. या सगळ्या काळात वही सोबत होतीच.

त्या वहीतील मजकूर ऑक्टोबर १९२८ पासून हासेगावा शिगुरे यांच्या ‘न्योनिन गेइजुत्सु’ या स्त्रियांनी चालवलेल्या मासिकात येऊ लागला. पहिल्या हप्त्याला ‘होरोकी’ हे केवळ उपशीर्षक होते, पण वाचकांनी तेच उचलले. १९३० मध्ये पुस्तक निघाले आणि मंदीने पिचलेल्या जपानमध्ये लाखोंनी खपले. बेकारीचे दिवस होते, आणि वाचकाला आपलीच भूक त्यात छापलेली दिसली.

जपानीत या प्रकाराला ‘शिशोसेत्सु’, म्हणजे शब्दशः ‘मी-कादंबरी’, म्हणतात. तायामा काताई यांच्या १९०७ मधील ‘फुतोन’ या कथेपासून तिची परंपरा साधारणपणे मोजली जाते. त्या परंपरेतील ‘मी’ बहुतेकदा खोलीत बसून स्वतःची लाज उकरणारा सुशिक्षित पुरुष असतो. फुमिको यांच्या ‘मी’ला खोलीचे भाडेच परवडत नाही. ती दुःखाचे विवेचन करीत बसत नाही, कारण तिला आधी चप्पल गहाण टाकावी की पुस्तक विकावे, हे ठरवायचे असते. तरीही हा मजकूर जसा घडला तसाच कागदावर उतरला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. फुमिको यांनी प्रत्येक नव्या आवृत्तीत वाक्ये बदलली, १९३९ मध्ये संपूर्ण पुस्तक पुन्हा हाताखालून घातले आणि सेन्सॉरच्या धाकाने बाजूला ठेवलेला भाग युद्धानंतरच प्रसिद्ध केला. तारखांच्या फुल्यांमुळे नोंदी मागेपुढे हलवणे सोपे गेले, हेही उघड आहे.

मानधनाचे पैसे हाती येताच त्या पुन्हा निघाल्या. आधी चीन, मग १९३१ च्या अखेरीस सैबेरियामार्गे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून पॅरिस. पुढचा प्रवास मात्र वाचताना अवघड वाटतो. १९३८ मध्ये सरकारने लेखकांची तुकडी चीनच्या आघाडीवर पाठवली, तीत फुमिको होत्या, आणि हांकौ या चिनी शहरात पोहोचलेली पहिली जपानी स्त्री म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. चिखलातून चालणाऱ्या गरीब जपानी शिपायांविषयी त्यांनी अतिशय मायेने लिहिले. त्या शिपायांच्या वाटेत आलेल्या चिनी माणसांपर्यंत मात्र ती माया पोहोचली नाही.

जपान युद्ध हरल्यावर फुमिको यांच्या लेखणीतली मोहिनी ओसरली आणि लेखन अधिक खोल गेले. ‘उकिगुमो’, म्हणजे तरंगते ढग, या कादंबरीतील युकिको आणि तोमिओका व्हिएतनाममधील दालात येथे जपानी वनखात्याच्या कामावर असताना प्रेमात पडतात आणि भंगलेल्या तोक्योत एकमेकांना सोडू शकत नाहीत. शेवट याकुशिमा बेटावर होतो, जेथे महिन्याचे पस्तीस दिवस पाऊस पडतो, असे सांगतात.

तोक्योतील नाकाई भागात १९४१ मध्ये बांधलेले फुमिको यांचे घर आज संग्रहालय आहे. बांधकामापूर्वी त्यांनी वास्तुकलेची ढीगभर पुस्तके वाचली. युद्धकाळात घराच्या आकारावर मर्यादा होती, म्हणून एक भाग स्वतःच्या आणि दुसरा चित्रकार पती रोकुबिन यांच्या नावावर दाखवून दोन घरे शेजारी उभारली. दिवाणखान्यावर त्यांनी फारसे खर्चले नाही. पैसा घातला तो स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि घरच्यांनी बसायच्या खोलीत. पाहुण्यांच्या खोलीत निरनिराळ्या मासिकांचे संपादक हस्तलिखिताची वाट पाहत ताटकळत बसत, आणि फुमिको कोणालाही नकार देत नसत. दुसऱ्या लेखिकांच्या वाट्याचे काम त्या ओढून घेतात, अशी कुजबुजही होती.

एप्रिल १९५१ मध्ये आसाही वृत्तपत्रात त्यांची ‘मेशी’ ही कादंबरी सुरू झाली. मेशी म्हणजे भात, रोजचे जेवण. २७ जूनच्या संध्याकाळी एका मासिकाच्या खाद्यविषयक लेखासाठी त्या उपाहारगृहांत जाऊन जेवल्या, घरी येऊन कुटुंबासोबत गोड खाल्ले, आणि त्याच रात्री हृदयविकाराने सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘मेशी’ अपुरी राहिली. अंत्यविधीच्या वेळी कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांनी जमलेल्यांना विनंती केली की, लेखन टिकवण्यासाठी यांनी इतरांशी कधी वाईट वर्तन केले असेल, पण दोन-तीन तासांत यांची राख होणार आहे, तेव्हा क्षमा करावी.