कात्रजचा नळ आणि ठोकळ्यांचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

डबे गेले असतील, स्वयंपाकाचा ओटा आवरून झाला असेल. आता थोडा वेळ माझ्याबरोबर बसा. मी शिक्षकांना शिकवते. वीस-वीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंना आणि सरांना पुन्हा बाकावर बसवायचं, हे माझं काम. आणि आज मला बोलायचं आहे ते आभासी जगाबद्दल.

आभासी जग म्हणजे काय, हे घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर तुम्ही रोज पाहता. पडद्यावर एक मुलूख असतो. त्यात डोंगर, पाणी, घरं असतात, आणि तुमचं एक बाहुलं त्यात हिंडतं. त्याला अवतार म्हणतात. शब्द आपल्याच संस्कृतातून जगभर गेला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या मुलखात तुम्ही एकटे नसता. माझं बाहुलं उभं असतं तिथे तुमचंही येतं. मी लावलेली वीट तुम्हाला दिसते, तुम्ही ती काढूही शकता. हे पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तिथे दुसरी माणसं असतात. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज, म्हणजे संगणकावरच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांत आपल्या पुण्याचं सीओईपी हे तंत्रज्ञान विद्यापीठसुद्धा आहे. मुलांनी त्या जरूर वापराव्यात. पण तिथे विद्यार्थी आणि प्रयोग असे दोघंच समोरासमोर असतात. शेजार नसतो.

शिक्षकांनी अशा जगांत जाणं नवीन नाही. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने सेकंड लाइफ सुरू केलं. विद्यापीठांनी तिथे बेटं घेतली, वर्ग भरवले, शिक्षकांच्या सभा भरवल्या. जमीन मात्र भाड्याची. शिक्षणसंस्थांना ती अर्ध्या दरात मिळायची. २०१० मध्ये कंपनीने ही सवलत बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षं उभारलेले वर्ग सोडून ओपनसिम्युलेटर या सॉफ्टवेअरकडे गेले. ते मुक्त आहे, आपल्या स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण तोवर पुष्कळांची बिऱ्हाडं हलली होती. म्हणून माझं ठाम मत आहे, आणि मी ते प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगते, की शाळेने भाड्याच्या जमिनीवर वर्ग बांधू नये. जग आपल्या शाळेच्या संगणकावर हवं, त्याची किल्ली आपल्या कपाटात हवी.

आम्ही लुआंटी नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. फिनलंडमधल्या एका प्रोग्रामरने २०१० मध्ये ते सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये बदललं. सगळं ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचा, झाड ठोकळ्यांचं. पैसे पडत नाहीत, शाळेतल्या जुन्या संगणकावर चालतं, आणि इंटरनेट नसलं तरी अडत नाही. एका संगणकावर ते जग ठेवायचं, बाकीचे वायरने जोडायचे.

तर आता ती गोष्ट.

शाळा पेठेतली. संगणक बारा, त्यातले चालणारे दहा. शिक्षक वीस, म्हणजे एका संगणकापुढे दोघं. मी आदल्या दिवशी एक डोंगर, त्यावर तळं, आणि बरंच लांब, खाली सपाटीवर, चार भिंतींचा एक रिकामा हौद एवढं करून ठेवलं होतं. तळ्यातलं पाणी हौदात आणायचं, इतकंच काम दिलं. आपला कात्रजचा नळच म्हणा ना.

पुणेकरांना तो ठाऊक आहेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांत आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळा भरवसा उतारावर. वाटेत जागोजाग उंच मनोरे बांधले, त्यांना उच्छ्वास म्हणतात, त्यातले काही अजून उभे आहेत. काळा हौद, बदामी हौद, साततोटी, ही नावं आपण रोज घेतो, रिक्षावाल्याला सांगतो. पाणी गेलं, नावं राहिली. मला फार वाटतं की पेठेतल्या प्रत्येक शाळेने मुलांना पायी नेऊन आपल्या हौदाची जागा दाखवावी. सहल म्हटली की वॉटर पार्कची बस ठरवतात. अहो, आपल्या पायाखालून पाणी गेलेलं आहे, ते आधी दाखवा.

असो. पहिला तास चालायला शिकण्यात गेला. कुणी भिंतीवर आदळतंय, कुणी खड्ड्यात पडून आकाशाकडे बघतंय. विज्ञानाचे एक सर थेट तळ्यात पडले, त्यांना बाहेर काढायला तीन बाहुली धावली. मग भूगोलाच्या बाईंनी सूत्रं हाती घेतली. नोकरीला २६ वर्षं झालेली. त्यांनी फळ्यावर नकाशा काढला, आणि काय सुंदर काढला! फळ्यावरचं वळणदार अक्षर आणि एका हाताने ओढलेली सरळ रेघ पाहिली की मला आजही बरं वाटतं. डी.एड.ला आम्हाला फलकलेखनाचे गुण असायचे. ते मिळवायला आम्ही रात्री अंगणातल्या फरशीवर खडूने सराव करायचो. स्मार्ट बोर्ड आले म्हणून ते सोडू नका, शिक्षकहो.

तर बाईंनी सरळ रेघ आखली आणि वीस जणांनी ती खणली. डोंगराच्या कुशीपासून हौदापर्यंत चर. तळ अगदी एकसारखा, काटेकोर, कुठे एका ठोकळ्याचा फरक नाही. तासभर लागला. सगळे खुश. बाई म्हणाल्या, "फोडा आता." तळ्याचा काठ फोडला. पाणी निळंशार सळसळत चरात उतरलं, सात-आठ ठोकळे पुढे आलं, आणि थांबलं.

पुढे सगळा चर कोरडा.

त्या जगातलं पाणी सपाटीवर सात-आठ ठोकळेच पसरतं. त्यापुढे त्याला एक पायरी खाली पडायला मिळाली तरच ते पुन्हा ताजं होऊन पुढे धावतं. मला हे माहीत होतं. उत्तर अगदी जिभेवर होतं, आणि श्रोतेहो, शिक्षकाला उत्तर गिळायला किती कष्ट पडतात ते शिक्षकालाच कळेल. मी गिळलं.

एकेक करून सगळी बाहुली त्या कोरड्या जागी येऊन उभी राहिली. चरात गर्दी. कुणी म्हणालं संगणक अडकला, कुणी म्हणालं तळं छोटं पडलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी आपलं बाहुलं चराच्या तळाशी नेलं आणि ठोकळे मोजत मागे तळ्यापर्यंत गेल्या. मग पडद्यावरची नजर न काढता मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, मी २६ वर्षं नदी शिकवते. उगम, उतार, प्रवाह. आणि चर खणला तो सपाट!"

खोलीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मिळूनच तर खणला होता. आणि त्यांच्या त्या एका वाक्याने, सांगते तुम्हाला, बाकीच्या एकोणीस जणांची जीभ सुटली. गणिताचे सर म्हणाले, मलाही कळलं नव्हतं. तळ्यात पडलेले सर म्हणाले, मला तर अजून उडी मारता येत नाही. इतकी प्रशिक्षणं घेतली मी, पण शिक्षकांना एकमेकांसमोर "मला येत नाही" असं इतक्या मोकळेपणाने म्हणताना पहिल्यांदा ऐकलं.

मग शेजारी नवा चर खणला. दर सहा ठोकळ्यांनंतर एक पायरी. साडेचारला पाणी हौदात पडलं. चहा कधीचा येऊन निवला होता. गणिताचे सर तेवढ्यात कागद घेऊन बसले. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि कात्रज ते शनिवारवाडा आठ किलोमीटर धरले, तर सहाला एक या उताराने तलाव वाड्यापेक्षा तेराशे मीटर वर लागेल. सिंहगड समुद्रसपाटीपासून जवळपास १३०० मीटर, आणि पुणं तर स्वतःच साडेपाचशे मीटरवर बसलेलं. म्हणजे खऱ्या नळाचा उतार यापेक्षा किती हलका असला पाहिजे! तो हलका उतार तेव्हाच्या माणसांनी कसा साधला असेल, यावर आम्ही जिन्यात उभे राहून अर्धा तास बोललो.

गोष्ट इथे संपली नाही. बाईंनी सोमवारी आठवीच्या मुलांना त्याच संगणकांवर बसवलं, तोच कोरडा चर दाखवला आणि सांगितलं, "हा मी खणलाय. पाणी पुढे जात नाही. का ते तुम्ही शोधा." मुलांनी दहा मिनिटांत शोधलं. मग त्यांना पूर्ण कात्रज हवं झालं. चरावर छत घातलं, वर उच्छ्वास उभारले. एका मुलीने उच्छ्वासाला आतून भोक ठेवलं होतं, त्यातून पाणी वर चढेल म्हणून वाट पाहत बसली. पाणी चढेना. ती म्हणाली, "बाई, हे पाणी खोटं आहे."

बाईंनी विचारलं, कशावरून? मुलगी म्हणाली, "माझे बाबा गवंडी आहेत. नळीत पाणी भरून ते लेव्हल काढतात. त्यात पाणी दुसऱ्या टोकाला वर चढतं. इथे नाही चढत."

बरोबर होतं तिचं. ठोकळ्यांचं पाणी खाली जातं, वर चढत नाही. बंद नळातलं खरं पाणी आपली पातळी शोधत वर येतं. बाईंनी शनिवारी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते कामावरची पारदर्शक नळी घेऊन आले. एक टोक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच्या मुलाकडे, दुसरं व्हरांड्यातल्या मुलीकडे. दोन्हीकडे पाणी एका उंचीला. मुलं टोक वर-खाली करत राहिली, पाणी हलायचं आणि पुन्हा बरोबरीला यायचं. मग गवंड्यांनी नळीला टिचकी मारली आणि म्हणाले, "यात बुडबुडा राहू द्यायचा नाही. हवा अडकली की लेव्हल खोटी येते, सगळी भिंत वाकडी जाते." मुलगी ओरडली, "म्हणून उच्छ्वास!"

नळात अडकलेली हवा बाहेर पडायला वाट हवी, नाही तर ती पाण्याला अडवते. उच्छ्वास नावातच ते आहे. इतकी वर्षं मी त्या मनोऱ्यांवरून जाते-येते, पण मलाही ते खरं कळलं त्या संध्याकाळी, बाईंनी फोन करून सांगितलं तेव्हा. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता, आणि माझाही.

आता शिक्षकांसाठी थोडं. टाळेबंदीत आपण सगळ्यांनी घरी बसून व्हिडिओ पाहिले, प्रश्नांना बरोबरच्या खुणा केल्या, प्रमाणपत्रं घेतली. त्यातून माहिती मिळाली, नाही असं नाही. पण चूक केली तर ती कुणाला दिसली नाही, आणि दुसऱ्याची आपल्याला दिसली नाही. आभासी जगात ती सगळ्यांसमोर उभी राहते, आठ ठोकळ्यांवर थांबलेल्या पाण्यासारखी, आणि सगळे तिच्याभोवती जमतात. म्हणून माझा आग्रह एकच, आणि पुन्हा सांगते, एकच. मुलांना तिथे नेण्याआधी शिक्षकांनी एकत्र जावं, पडावं, चुकावं. एकेकट्याने नाही. एकत्र.

करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. जग शाळेतल्या शाळेत ठेवा, बाहेरच्या कुणाला वाट नको. मुलांनी तिथे खरं नाव लिहायचं नाही, वर्गातला क्रमांकही नाही, टोपणनाव द्या. पहिला तास नुसतं हिंडू द्या, काम देऊ नका. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे, डोळे दमतात, काहींना गरगरतं. आणि शेवटची दहा मिनिटं पडदे बंद करून बोलायला ठेवा. ती कापू नका. वेळ कमी पडला की सगळे तीच कापतात.

त्या शाळेतलं ते जग अजून आहे. मुलांनी आता हौदाभोवती अख्खी पेठ बांधली आहे, दीपमाळ आहे, वाड्याला दिंडी दरवाजा आहे. पहिला सपाट चर मात्र बाईंनी बुजवू दिलेला नाही. पुढच्या महिन्यात नवे वीस शिक्षक येत आहेत. त्यांना आम्ही त्या चरातच उतरवणार आहोत.

नमस्कार.