मेंदूतली भटकी जनुकं

श्रोतेहो, नमस्कार.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो, असं आपण शाळेत शिकलो. ढोबळमानानं ते खरंही आहे. पण मेंदूतल्या शेजारशेजारच्या दोन चेतापेशी घेऊन त्यांचा डीएनए अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, तर तो तंतोतंत जुळत नाही. याची कारणं अनेक. त्यातल्या सगळ्यांत खोडकर कारणाबद्दल आज बोलू या. ते म्हणजे जागा बदलणारी जनुकं, ज्यांना जंपिंग जीन्स म्हणतात.

त्यांचा पहिला माग लागला तो मक्याच्या कणसात. एकाच कणसावर काही दाणे रंगीत, काही बिनरंगाचे आणि काही ठिपक्याठिपक्यांचे का येतात, याचा छडा शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक 1940च्या दशकात लावत होत्या. गुणसूत्रावरचा एक तुकडा जागचा उठतो, रंगाच्या जनुकात जाऊन बसतो आणि त्याचं काम बंद पाडतो, हे त्यांना दिसलं. तुकडा तिथून उठला की रंग परत येतो. 1951 साली त्यांनी हे परिषदेत मांडलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते 1983 साली, वयाच्या 81व्या वर्षी.

माणसात यांचा पसारा थक्क करणारा आहे. प्रथिनं बनवण्याची माहिती देणारा भाग आपल्या डीएनएत जेमतेम दीड टक्का. उलट लाइन-वन नावाच्या एकट्या भटक्या घराण्यानंच सुमारे 17 टक्के जागा अडवली आहे. त्याच्या प्रती आहेत पाच लाखांच्या आसपास. खरं तर लाइन-वन उडी मारतच नाही. मूळ प्रत जागेवरच राहते. तिची आरएनएत, म्हणजे डीएनएच्याच एका तात्पुरत्या भावंडात, नक्कल निघते, त्या नकलेवरून पुन्हा डीएनए बनतो आणि तो दुसरीकडे चिकटतो. म्हणजे ही झेरॉक्स झाली. आरएनएवरून उलट्या दिशेनं डीएनए बनवण्याची ही करामत एचआयव्हीचा विषाणूही करतो, तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाच लाखांपैकी बहुतेक प्रती मोडक्या आहेत. स्वतःची नक्कल काढू शकतील अशा एका माणसात साधारण 80 ते 100.

आता मेंदूकडे. 2005 साली अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत फ्रेड गेज आणि अ‍ॅलिसन मुओत्री यांच्या गटानं माणसाचं लाइन-वन उंदरांच्या शरीरात घातलं, आणि ते कुठे नव्या जागी चिकटलं तर ती पेशी हिरवी चमकेल अशी सोय केली. मेंदूत चेतापेशी चमकल्या. मग प्रश्न आला, माणसाच्या एका चेतापेशीत अशा नव्या प्रती किती? यावर जी जुंपली, ती ऐकण्यासारखी आहे. 2012 साली क्रिस्टोफर वॉल्श यांच्या गटानं सांगितलं, सरासरी एकाहूनही कमी, 0.6च्याही आत. 2015 साली दुसऱ्या गटानं सांगितलं, 13.7! दोन्हीकडे माणसाचाच मेंदू, पण आकड्यांत वीसपटींहून अधिक फरक. मेख अशी की एका पेशीतला डीएनए इतका थोडा असतो की वाचण्याआधी तो वाढवावा लागतो, आणि वाढवताना भलतेच तुकडे एकमेकांना जुळतात. त्यामुळे खोट्या प्रतीही खऱ्यासारख्या दिसतात. माझं माप विचाराल तर लहान आकड्याच्या बाजूला झुकतं.

मग आजाराचं काय? रेट सिंड्रोम हा मुख्यतः मुलींना होणारा विकार. बाळ सहा ते अठरा महिन्यांचं होईपर्यंत जवळजवळ नीट वाढतं, मग शिकलेले शब्द आणि हातांची कामं गमावू लागतं. कारण एमईसीपी2 या जनुकातला बिघाड, हे 1999 साली कळलं. हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते इतर कामांबरोबर लाइन-वनलाही दाबून ठेवतं. 2010 साली दिसलं की ते प्रथिन नसलेल्या उंदरांच्या आणि रेटच्या रुग्णांच्या चेतापेशींत लाइन-वनच्या प्रती वाढलेल्या असतात.

झालं, कारण सापडलं, असं वाटतं ना? थांबा. त्याआधीच, 2007 साली, एडिंबरामध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटानं एक प्रयोग केला होता. उंदरांमध्ये हे जनुक बंद ठेवलं, लक्षणं दिसू लागल्यावर परत सुरू केलं, आणि मरायला टेकलेले उंदीर बऱ्याच अंशी सुधारले. एकदा चिकटलेली लाइन-वनची प्रत काही निघून जात नाही. ती मुळाशी असती, तर उंदीर असे सावरले कसे? म्हणून मला तरी या जादा प्रती बिघाडाचं मूळ वाटत नाहीत, बिघाडाची खूण वाटतात. स्वमग्नता किंवा स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात ‘जंपिंग जीन्स वाढलेली आढळली’ अशी बातमी ऐकाल, तेव्हा हा उंदीर आठवा.

मात्र नवीन जागी न चिकटताही हे तुकडे घात करू शकतात, असा संशय बळावतोय. ऐकार्डी-गुटिएर सिंड्रोममध्ये पेशीतला भरकटलेला डीएनए किंवा आरएनए साफ करणारी जनुकं बिघडलेली असतात. पेशी आपल्याच तुकड्यांना विषाणू समजते, इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणारी प्रथिनं, सोडत राहते आणि तान्ह्या बाळाचा मेंदू त्यात होरपळतो. हे तुकडे लाइन-वनसारख्यांनी बनवलेले असले, तर आरएनएवरून डीएनए बनवण्याची ती करामत रोखणारी एचआयव्हीची औषधं इथेही चालायला हवीत. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या आजाराच्या काही मुलांना ती वर्षभर दिली आणि 2018 साली निकाल मांडला. मुलांच्या हालचाली किंवा बोलणं सुधारलं, असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण औषध चालू असताना रक्तातल्या इंटरफेरॉनच्या खुणा उतरल्या होत्या, आणि ते थांबवल्यावर पुन्हा चढल्या.

नमस्कार.