दुसऱ्या पसंतीच्या राष्ट्रपती

1969 साल. पंचवीस वर्षांच्या मेरी बर्क डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायद्याच्या प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहातही निवडून गेल्या. ही जागा विद्यापीठाचे पदवीधर निवडून देतात, आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखी. लग्नानंतर त्या मेरी रॉबिन्सन झाल्या.

1971 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह गर्भनिरोधकांवरची बंदी सैल करणारं विधेयक आणलं. सभागृहाने ते मांडूच दिलं नाही. विधेयक असं दारातच अडवता येतं. खटला दाखल झाला की न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो, आणि रॉबिन्सन यांची खरी कमाई कोर्टातलीच.

पहिला मोठा निकाल 1975 चा. 1927 च्या कायद्याने ज्युरीत बसायला मालमत्तेची अट होती. बायकांना ज्युरीच्या कामातूनच सरसकट सूट. बसायचंच असेल, तर स्वतः अर्ज करायचा. आरोपी बाई असली तरी समोर बहुधा बाराही पुरुष. याला आव्हान देणाऱ्या दोघींच्या वकिलांत रॉबिन्सन होत्या. सुप्रीम कोर्टाने दोन्ही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

मग रॉबिन्सननीच लढवलेलं, कॉर्क शहरातल्या एका बाईंचं प्रकरण. घटस्फोटावर बंदीच होती. त्यांना नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त व्हायचं होतं आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते. सरकार म्हणालं, कोर्टाचं दार उघडं आहे, स्वतः बाजू मांडा. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे एक आकडा आला: 1972 ते 1978 या काळात असे 255 अर्ज झाले आणि एकूण एक अर्जदाराकडे वकील होता. उघड्या दाराचा मुद्दा तिथेच संपला. 9 ऑक्टोबर 1979 ला आयर्लंड हरलं आणि पुढच्याच वर्षी दिवाणी दाव्यांसाठी मोफत कायदा सल्ला सुरू झाला.

1990. लेबर पक्षाने त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. आकडे बघा. पहिल्या पसंतीत ब्रायन लेनिहन 6,94,484, रॉबिन्सन 6,12,265, ऑस्टिन करी 2,67,902. मतदानाच्या आठवडाभर आधी मंत्रिमंडळातून हकालपट्टी होऊनही लेनिहनच पुढे! पण निम्म्याचा कोटा कुणालाच गाठता आला नाही. करी बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. रॉबिन्सनना 2,05,565, लेनिहनना अवघी 36,789. बेरीज 8,17,830 विरुद्ध 7,31,273. आयर्लंडला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली.

या पदाला अधिकार मोजकेच. सरकारच्या संमतीशिवाय परदेशातही जाता येत नाही. एक हत्यार मात्र खरं आहे. कलम 26 खाली राष्ट्रपती सही करण्याआधी विधेयक सुप्रीम कोर्टाकडे पाठवू शकतात. सल्लागार मंडळाचं मत ऐकायचं, निर्णय स्वतःचा. धोका असा की कोर्टाने विधेयक वैध ठरवलं, तर त्या कायद्याला पुन्हा कधीच आव्हान देता येत नाही. म्हणून हे हत्यार जपून वापरतात. पती-पत्नीला राहत्या घरात समान मालकी देणारं विधेयक रॉबिन्सननी असंच पाठवलं. बायकांच्या हिताचं, तरीही पाठवलं. 1994 मध्ये कोर्टाने ते रद्द केलं: मालकीबाबत जोडप्यांनी आपसात ठरवलेलं सरकारने परस्पर उलटवू नये.

सप्टेंबर 1997 मध्ये, मुदत संपायला काही आठवडे उरले असताना त्यांनी राजीनामा दिला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त म्हणून जिनिव्हाला रुजू झाल्या.