उभा राहा, ऊभो रहे

नमस्कार, श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आपल्या मराठी घरांमधून एकच विषय चालतो, पुढे काय? परवा आमच्या शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. म्हणाली, "काकू, मला लहान मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायचंय. पदवीचं." मागोमाग तिची आई आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, तुम्हीच समजवा हिला. बालवाडीत शिकवायला पदवी कशाला लागते? आपण नाही का पोरं वाढवली?"

प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी चहा समोर ठेवून मी त्या माउलीला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

आधी कामाचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. पुन्हा सांगते, तीन ते आठ. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी ही आता एकाच पायाची वीट. त्या पायाला 'पायाभूत स्तर' म्हणतात. या मुलांना शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका आहे, ज्याला आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पी.टी.सी.च म्हणतात. शिवाय चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. आहे, त्यात हा पायाभूत स्तर निवडता येतो. पण पदवीनंतरचा नेहमीचा बी.एड. केला की प्राथमिक शाळेत लागू, असं समजू नका. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता नाही. हे घरात नीट सांगा. निकालानंतरच्या घाईत मुलं चुकीचा अर्ज भरतात आणि दोन वर्षं जातात.

आता आपल्या गावाचं. अनिवार्य प्राथमिक शिक्षण ही गोष्ट सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केली. पुढे १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत इथे गृहविज्ञान शाखा उभी राहिली आणि बालविकास हा विद्यापीठात शिकायचा विषय झाला. हंसाबेनची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. त्यांनी आग्रह धरून तिथे 'सर्व मानव' असा शब्द आणवला. १९४८ ची ही गोष्ट. एक शब्द बदलला आणि निम्मं जग आत आलं. शब्दाचं हे मोल लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आणि आपल्या ताराबाई मोडक! मुंबईत जन्मलेली ही मराठी बाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात कामाला गेली. गिजुभाईंनी १९२० मध्ये ते बालमंदिर काढलं होतं. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. ताराबाई पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. म्हणजे बालशिक्षणात मराठी आणि गुजराती हे पहिल्यापासून एका ताटात जेवलेले आहेत.

तर पदवी कशाला? श्रोतेहो, पदवीत बाकी सगळं असतं. पोषण असतं, भाषा असते, गणित असतं, पालकांशी बोलणं असतं. पण मला विचाराल तर ती पदवी एकच गोष्ट शिकवते. मुलाकडे पाहायचं, पाहिलेलं लिहायचं, नावं ठेवायची नाहीत. पाहायचं, लिहायचं, नावं ठेवायची नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. मला ते शिकायला दहा दिवस लागले, आणि शिकवलं एका साडेचार वर्षांच्या मुलाने.

मी दुसऱ्या वर्षाला होते. निरीक्षणाचा सराव होता. शहराच्या जुन्या भागातली एक बालवाडी मला मिळाली. तिथल्या शिक्षिकेला सगळे बेन म्हणत. दहा दिवस जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि एकाच मुलाची रोज अर्धा तास नोंद करायची. नोंदवहीत मुलाचं खरं नाव लिहायचं नसतं. त्या बालवाडीत प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक चित्र होतं, मासा, दिवा, फुलपाखरू, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोरालाही आपला रुमाल कुठे ते कळावं. माझ्या मुलाच्या खुंटीवर छत्री होती. म्हणून वहीत मी त्याला छत्री म्हटलं. आजही माझ्या मनात तो छत्रीच आहे.

छत्रीच्या वडिलांची नाशिकहून बदली झालेली. घर बडोद्याला येऊन जेमतेम महिना झाला होता.

तीन दिवसांत मी चार पानं भरली. काय लिहिलं? 'छत्री एका जागी बसत नाही. नाश्त्याच्या वेळी सारखा उभा राहतो. बेन बसवतात, तो पुन्हा उभा राहतो. मूल अस्थिर आहे. हट्टी आहे. लक्ष वेधून घेतं.' मला वाटलं, काय सुंदर लिहिलंय. आमच्या मार्गदर्शक बाई गुजराती होत्या. त्यांनी वही वाचली, लाल पेन्सिल काढली आणि तीन शब्दांभोवती तीन गोल केले. अस्थिर, हट्टी, लक्ष वेधून घेतं. मग मला विचारलं, "बेन, आमां तें जोयुं शुं?" यात तू पाहिलंस काय?

मी गप्प. उभं राहणं मी पाहिलं होतं. हट्ट पाहिला नव्हता. हट्ट माझ्या डोक्यातला होता, तो मी त्याच्या अंगावर चिकटवला होता.

बाईंनी पानावर तीन रकाने आखून दिले. पहिल्यात वेळ, घड्याळ पाहून. दुसऱ्यात, मुलाने काही करण्याच्या लगेच आधी काय झालं. तिसऱ्यात, मुलाने काय केलं, हात कुठे, डोळे कुठे. बास. विशेषण एकही नको.

चौथ्या दिवशी मी तशी लिहायला लागले. सतरंजीवर मुलं ओळीने बसलेली. बेन डब्यातून एकेकाला मुरमुरे वाटत होत्या. छत्रीने हात पुढे केला. बेन प्रेमाने म्हणाल्या, "ऊभो रहे, तारो वारो आवशे." छत्री उभा राहिला. बेननी खांद्याला धरून खाली बसवलं. मी लिहिलं: दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, डोळे बेनच्या तोंडाकडे. राष्ट्रगीताला मुलं उभी राहतात ना, अगदी तसा. थोड्या वेळाने तो काहीतरी विचारायला लागला. बेनचे हात भरलेले, त्या म्हणाल्या, "ऊभो रहे, बेटा." छत्री पुन्हा उभा. हात मांड्यांना, हनुवटी वर.

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळांना आत्ताच कळलं असेल. मला नाही कळलं! मी बडोद्यात वाढलेली. माझ्या कानात दोन्ही भाषा एकत्रच वाहतात, कुठे मराठी संपते आणि कुठे गुजराती सुरू होते, ते मला जाणवतच नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत वही घेऊन बसले होते. खालून भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, चालली होती. आई आतून धावत आली आणि कठड्यावरून ओरडली, "ऊभा रहो, भाई, ऊभा रहो!" लारीवाला थांबला. थांबला! तो तर उभाच होता. मी आईकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि दुसरा रकाना वरून खाली बोटाने वाचत गेले. चार दिवसांत छत्री नऊ वेळा उभा राहिला होता. त्यातल्या सात वेळा, लगेच आधीच्या रकान्यात, तेच दोन शब्द होते. ऊभो रहे. गुजरातीत म्हणजे थांब. नाशिकच्या मुलाला ऐकू येतं, उभा राहा. उरलेल्या दोन वेळा त्याला शू लागली होती.

ते मूल हट्टी नव्हतं. अख्ख्या वर्गात सगळ्यांत जास्त ऐकणारं मूल तेच होतं. सांगितलं की उभं राहत होतं, आणि उभं राहिलं म्हणून दर वेळी खाली दाबलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी बेनना वही दाखवली. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि थोडा वेळ बोलल्याच नाहीत. त्यांचा दोष नव्हता, त्या आपल्या भाषेत प्रेमानेच बोलत होत्या. पण घरी चिठ्ठी गेली होती, मुलगा बसत नाही म्हणून. छत्रीची आई न्यायला आली, तेव्हा मला म्हणाली, "घरी तासभर एका जागी चित्रं काढतो हो. इथेच काय होतं कळत नाही. रात्री मी त्याला बसायची सवय करते. रडतो." साडेचार वर्षांचं लेकरू, रात्री बसायची सवय करतंय.

बेननी माझ्याकडून एक शब्द शिकून घेतला. "थांब." पुढच्या नाश्त्याला त्या म्हणाल्या, "थांब, बेटा, ऊभो रहे," दोन्ही शब्द शेजारी ठेवून. छत्री बसून राहिला. दहाव्या दिवशी एक मुलगी रांग मोडून पुढे घुसली, तेव्हा छत्री तिला म्हणाला, "ए, ऊभी रहे!" तीन दिवसांत पोरगा भाषा शिकला. पहिल्या तीन दिवसांत मी मात्र त्याला तीन नावं ठेवून मोकळी झाले होते.

हे त्या माउलीला सांगितलं, तेव्हा तिचा चहा निवला होता. ती म्हणाली, "आमच्या धाकट्यालाही शाळेत अस्थिर म्हणतात." मी म्हटलं, आधी काय होतं ते विचारा. लगेच आधी काय होतं.

जाता जाता एक, विषय सोडून आहे पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानंच्या पानं गिरवून घेऊ नका. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. एकेक करून ती पक्की होत जातात, आणि शेवटचं पक्कं व्हायला नऊ-दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. त्या हाताला कणीक द्या, वाळू द्या, शेंगा सोलायला द्या. कमाटी बागेत नेऊन माती खेळू द्या. मोठी शाळा, लहान वयात लेखन, असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मला त्या मनगटांची काळजी वाटते.

आणि ज्या मुलामुलींना हे शिक्षण घ्यायचंय, हो, मुलांनीही घ्यावं, गिजुभाई वकिली सोडून या कामात आले होते, त्यांनी अर्ज भरण्याआधी एवढं करावं. घराजवळच्या बालवाडीत बाईंची परवानगी घेऊन अर्धा तास कोपऱ्यात बसावं. एकच मूल निवडावं. वही, पेन्सिल, घड्याळ आणि तीन रकाने. दुसरा रकाना मोकळा ठेवू नका.

नमस्कार.